खरबूज, कलिंगड आणि डॉक्टरांची दोन हजार वर्षांची भीती

मार्च महिना लागला की दवाखान्यात काही ठरलेले प्रश्न सुरू होतात. मधुमेहाचे पेशंट विचारतात, "डॉक्टर, कलिंगड चालेल का?" लहान मुलांच्या आया विचारतात, "खरबूज थंड असतं ना, सर्दी होईल का?" वयस्कर मंडळी तर विचारत नाहीत, सांगतातच, "कलिंगडावर पाणी प्यायचं नाही, जुलाब-उलट्या होतात."

या सगळ्यांच्या मागे एक जुनी भीती आहे. ती अडाणीपणातून आलेली नाही. वैद्य, हकीम आणि डॉक्टर यांनीच ती निदान दोन हजार वर्षे जोपासली आहे. आजच्या लेखात या भीतीचा इतिहास बघू. त्यांना दिसलेलं काही अंशी खरं होतं, पण त्यांनी सांगितलेलं कारण चुकीचं होतं. हा फरक समजला की खरबूज कसं निवडायचं, कसं पिकू द्यायचं आणि कसं खायचं हेही आपोआप समजतं.

पोप, सम्राट आणि खरबूज

२६ जुलै १४७१ रोजी रोममध्ये पोप दुसरे पॉल यांचं अचानक निधन झालं. वय ५४. त्यांचा चरित्रकार प्लातिना याने लिहून ठेवलं आहे की त्यांनी जेवणात दोन मोठी खरबुजं खाल्ली होती आणि रात्री झटका येऊन ते गेले. मजा अशी की हाच प्लातिना आहारावरच्या एका गाजलेल्या लॅटिन पुस्तकाचाही लेखक होता. त्यामुळे खरबुजाच्या दोषांची त्याला चांगलीच माहिती होती. आणि याच पोपने त्याला तुरुंगात टाकलं होतं, म्हणून त्याचं पोपबद्दलचं लिखाण थोडं जपूनच वाचावं लागतं.

पुढे १४९३ मध्ये सम्राट तिसरा फ्रेडरिक ऑस्ट्रियातल्या लिंझ गावी वारला. तेव्हाही लोक म्हणाले, खरबुजं जास्त खाल्ली. आता एक डॉक्टर म्हणून त्याची केस बघा. वय ७७. पायाला गँगरीन झालेलं. जून महिन्यात पाय कापलेला, तोही भूल, अँटिबायोटिक आणि रक्त देण्याची सोय नसलेल्या काळात. ऑगस्टमध्ये मृत्यू. आज असा पेशंट दगावला तर मृत्यूच्या दाखल्यावर कोणताही डॉक्टर खरबूज लिहिणार नाही. पोपच्या बाबतीतही मेंदूचा किंवा हृदयाचा झटका हेच अधिक संभवतं. पण त्या काळच्या डॉक्टरांना रक्तवाहिन्यांचे आजार माहीत नव्हते. ताटात काय होतं, हे मात्र सगळ्यांनी बघितलेलं होतं.

ही भीती आली कुठून?

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गेलन नावाचा ग्रीक वैद्य होऊन गेला. युरोपात आणि अरबी-युनानी वैद्यकात त्याचा शब्द पुढे दीड हजार वर्षे प्रमाण मानला गेला. शरीरात चार द्रव असतात आणि प्रत्येक अन्न उष्ण किंवा शीत, कोरडं किंवा ओलं असतं, हा त्या शास्त्राचा पाया. खरबूज पडलं शीत आणि ओलं. गेलनचं म्हणणं असं की ते पोटातून लवकर निघून गेलं तर ठीक, पण आत राहून कुजलं तर उलट्या-जुलाबांचा जोरदार आजार होतो.

मग खायचं कसं? तर उलट गुणाच्या पदार्थाबरोबर. खारवून वाळवलेलं मांस, मिरी, जुनी वाइन हे उष्ण आणि कोरडे पदार्थ. इटलीत आजही खारवलेल्या डुकराच्या मांसाच्या पातळ कापांबरोबर खरबुजाची फोड खातात. आज ती चवीची गोष्ट झाली आहे, पण त्या जोडीमागे हेच जुनं वैद्यक आहे. खरबूज जेवणाच्या सुरुवातीला रिकाम्या पोटी खावं, म्हणजे ते अडकत नाही, असाही एक नियम होता. १५८३ मध्ये फ्रान्समधल्या लियों शहरातल्या झाक पोन्स या डॉक्टराने तर फक्त खरबुजावर एक पुस्तक लिहिलं. म्हणजे आमचा व्यवसाय या फळाबद्दल किती गंभीर होता बघा!

आपल्याकडे सूर थोडा वेगळा होता. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश या ग्रंथात खरबुजाची नोंद आहे. तिथे ते थंड आणि पचायला जड म्हटलं आहे, पण त्याचबरोबर लघवी साफ करणारं, कोठा साफ करणारं, बळ देणारं आणि पित्त व वात कमी करणारं असंही वर्णन आहे. म्हणजे एकीकडे युरोपातला डॉक्टर घाबरवत होता आणि आपला वैद्य बेताने खा म्हणत होता.

पचायला जड हे निरीक्षण अगदी निराधार नाही. कलिंगडात फ्रुक्टोज ही साखर बरीच असते. काहींच्या आतड्यात ती नीट शोषली जात नाही, मग गॅस होतो, पोट फुगतं, पातळ शौचाला होते. एका बैठकीत अर्धं कलिंगड संपवलं तर धडधाकट माणसालाही हे होऊ शकतं. पण हा त्रास आहे, विषबाधा नव्हे. तो प्रमाणाचा प्रश्न आहे.

माहेर भारतात, गोडवा मध्य आशियात

खरबूज आणि कलिंगड ही दोन वेगळी घराणी आहेत. कलिंगड मूळचं आफ्रिकेतलं. सुमारे ३३०० वर्षांपूर्वीच्या इजिप्तच्या तुतनखामेन राजाच्या थडग्यात त्याच्या बिया सापडल्या आहेत. खरबूज मात्र काकडीचा भाऊ. त्याच्या रानटी जाती भारतात आहेत आणि भारत हे त्याच्या मूळ घरांपैकी एक मानलं जातं. आपलं शेंदाड, कोकण-गोव्यातलं चिबूड, उत्तरेकडची फूट आणि कचरी ही सगळी एकाच कुटुंबातली भावंडं. पावसाळ्याच्या शेवटी येणारं चिबूड फारसं गोड नसतं, म्हणून कोकणात आणि गोव्यात ते गूळ आणि नारळाचा रस घालून खातात. आपल्याकडे खरबुजाची बरीच भावंडं अशी भाजीची, लोणच्याची किंवा गुळाबरोबर खायची राहिली.

मधासारखी गोड, सुगंधी खरबुजं तयार झाली ती इराण आणि मध्य आशियात. नवव्या शतकात बगदादच्या खलिफा अल-मामूनसाठी ख्वारज्म प्रांतातून खरबुजं यायची. ती शिशाच्या पेट्यांत बर्फ भरून पाठवत आणि धड पोचलेल्या एकाची किंमत ७०० दिरहम होई, असं अल-सआलिबी या लेखकाने नोंदवलं आहे. शिसं विषारी असतं हे सोडून द्या, पण कल्पना बघा. फळ टिकवायचं तर थंड ठेवायचं, हे त्या व्यापाऱ्यांना पक्कं माहीत होतं.

चौदाव्या शतकात इब्न बतुता त्याच ख्वारज्ममधून भारतात आला. हिरव्या सालीची, लाल गराची तिथली खरबुजं त्याला जगात अव्वल वाटली. त्यांच्या लांब फोडी उन्हात वाळवून, बोरूच्या टोपल्यांत भरून भारत आणि चीनपर्यंत जात, असं तो सांगतो. म्हणजे टिकवण्याची दुसरी रीत, पाणी काढून टाकणं. तिसरी रीत आजही उझबेकिस्तानात दिसते. तिथली जाड सालीची हिवाळी खरबुजं गवताच्या विणलेल्या शिंकाळ्यात टांगून ठेवतात. एकमेकांना न लागता आणि जमिनीला न टेकता ती कित्येक महिने राहतात.

या भागातून आलेल्या बाबराची गोष्ट प्रसिद्ध आहे. तो फरगणा खोऱ्यातला. अख्शी गावच्या 'मीर तिमुरी' खरबुजाचा त्याला इतका अभिमान की समरकंद जिंकल्यावर त्याने अख्शीची आणि बुखाऱ्याची खरबुजं मागवून एका मेजवानीत शेजारी शेजारी कापली आणि अख्शीचंच सरस ठरवलं. १५२६ ला पानिपत जिंकलं, पण इथे चांगलं खरबूज नाही, द्राक्ष नाही, बर्फ नाही ही त्याची तक्रार आत्मचरित्रात नोंदलेली आहे. फेब्रुवारी १५२९ मधल्या एका पत्रात तो लिहितो की कुणीतरी खरबूज आणलं, ते कापून खाताना आपल्याला रडू आलं. पण तो रडत बसला नाही. बल्ख प्रांतातला एक खरबूज पिकवणारा माळी त्याने आग्र्याच्या बागेत कामाला लावला आणि त्याच वर्षी तिथे खरबुजं आली. ती बघून त्याला मोठं समाधान वाटलं.

नातू अकबराच्या काळात हे पुरतं रुजलं. आईन-ए-अकबरीत खरबुजाचं अख्खं वेळापत्रक आहे. मार्च-एप्रिलपासून इथली, मग काश्मीरची, मग काबूलची आणि हिवाळ्याच्या तोंडावर काफिल्यांतून बदख्शानची. वर्षातले बरेच महिने दरबारात खरबूज असे. ज्या फळाला युरोपचे डॉक्टर प्राणघातक म्हणत होते, ते इथे वर्षानुवर्षे रोजच्या खाण्यात होतं. दोष फळाच्या स्वभावात असता तर हे कसं जमलं असतं?

पटकीचा आळ

एकोणिसाव्या शतकात कॉलरा म्हणजे पटकी जगभर पसरली आणि खरबुजावर नवा आळ आला. १८३२ मध्ये पटकी अमेरिकेत पोचली तेव्हा वॉशिंग्टन शहराच्या आरोग्य मंडळाने खरबूज, कलिंगड, काकडी अशा फळभाज्यांच्या विक्रीवर काही काळ बंदी घातली. कारण तेच जुनं. पटकीत उलट्या-जुलाब होतात, खरबुजाने उलट्या-जुलाब होतात असं गेलन सांगून गेला, शिवाय दोन्ही उन्हाळ्यात येतात.

१८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या रुग्णांची घरं नकाशावर मांडून डॉ. जॉन स्नो यांनी दाखवून दिलं की बाधित लोक एकाच पंपाचं पाणी पीत होते. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात पटकीच्या रुग्णांमध्ये आणि तिथल्या तलावाच्या पाण्यात तो जंतू शोधला. खरबूज सुटलं, पाणी पकडलं गेलं.

पण मग खरबूज खाऊन माणसं आजारी पडायची, ते सगळं खोटं का? तर नाही. आणि इथेच आपल्या घरातल्या विळी-सुरीचा संबंध येतो.

२०११ ची साथ काय शिकवते

२०११ मध्ये अमेरिकेत खरबुजातून लिस्टेरिया या जंतूची साथ पसरली. १४७ लोक आजारी पडले, त्यातले ३३ दगावले. बहुतेक वयस्कर होते. तपास कोलोरॅडो राज्यातल्या एका शेतापर्यंत पोचला. शेतातल्या मातीत हा जंतू सापडला नाही. तो सापडला खरबुजं धुऊन भरण्याच्या शेडमध्ये. फरशीवर पाणी साचत होतं, यंत्रं नीट साफ होत नव्हती आणि फळं कोठारात ठेवण्याआधी थंड केली जात नव्हती, त्यामुळे सालीवर ओल धरत होती.

यामागचं शास्त्र सोपं आहे. आंबा, संत्रं, द्राक्ष ही आंबटगोड फळं. त्यांच्यातलं आम्ल जंतूंना रोखतं. खरबूज-कलिंगडात आम्ल फारच कमी, साखर आणि पाणी भरपूर. म्हणजे गर जंतू वाढवायला एकदम सोयीचा. साल शाबूत आहे तोवर तो सुरक्षित असतो. खरबुजाच्या जाळीदार सालीत माती आणि जंतू अडकून बसतात. न धुतलेल्या फळातून सुरी आरपार गेली की ते थेट गरात जातात. मग फोडी मे महिन्याच्या उकाड्यात तासन् तास उघड्या राहिल्या की पुढचं काम जंतू करतात.

गेलन म्हणाला, खरबूज पोटात कुजतं. खरं म्हणजे ते पोटात जाण्याआधी, ताटातच बिघडलेलं असायचं. दोष त्याच्या थंडपणात नव्हता, तो होता सालीवरच्या घाणीत, पाण्यात, सुरीत आणि कापल्यानंतर गेलेल्या वेळेत.

'कलिंगडावर पाणी पिऊ नये' याचाही मला असाच अर्थ लागतो. स्वच्छ पाण्याने काहीही होत नाही. पण ज्या काळात गावात पटकी होती आणि पाणी नदीचं होतं, तेव्हा पाणी टाळणारा खरंच वाचत असेल. श्रेय मात्र कलिंगड न भिजवण्याला मिळालं!

निवडताना

आपल्याकडे पूर्वी खरबूज-कलिंगड म्हणजे नदीच्या वाळूतलं पीक. दिवाळीनंतर पाणी ओसरलं की वाळूत खड्डे घेऊन, खत घालून वेल लावायचे. विदर्भात खरबुजाला डांगर आणि कलिंगडाला टरबूज म्हणतात आणि वैनगंगेच्या पात्रातल्या अशा मळ्यांना डांगरवाडी. आता ठिबक आणि मल्चिंग पेपरवर ही पिकं बऱ्याच ठिकाणी होतात, पण फळ ओळखण्याच्या खुणा त्याच आहेत.

खरबूज पिकलं की देठापासून आपोआप सुटतं आणि तिथे स्वच्छ, गोल खळगा राहतो. कापलेला देठ चिकटलेला असेल तर ते बहुधा आधी तोडलेलं आहे. जाळी उठावदार हवी, जाळीखालचा रंग हिरवा न राहता पिवळसर झालेला हवा आणि देठाच्या विरुद्ध टोकाला गोड वास यायला हवा. घरी आणल्यावर एक-दोन दिवस बाहेर ठेवलं तर ते मऊ आणि सुगंधी होतं, कारण ते स्वतः इथिलीन वायू सोडतं. पण त्याचा गोडवा वाढत नाही. केळ्यात स्टार्च असतो, त्याची साखर होते. खरबुजात असा साठा नसतो. वेलीवर जेवढी साखर आली तेवढीच. म्हणून तांदळाच्या डब्यात कितीही दिवस पुरलं तरी कच्चं खरबूज गोड होणार नाही.

कलिंगड तर तोडल्यावर पिकतच नाही. त्याची जमिनीला टेकलेली बाजू बघा. तिथला डाग पांढरट असेल तर कच्चं, लोण्यासारखा पिवळा असेल तर पिकलेलं. आकाराच्या मानाने वजनदार हवं, साल चकचकीत नव्हे तर थोडी निस्तेज हवी. बोटाने वाजवून बघण्याची आपली पद्धतही ठीक आहे, पण त्यासाठी सराव लागतो. मध्ये फटी पडलेलं कलिंगड बघून घाबरू नका, ती वाढीच्या वेळची नैसर्गिक गोष्ट आहे. रंगाची शंका असेल तर गरावर कापूस घासून बघा. कापूस गडद लाल झाला तर ते फळ खाऊ नका.

आणि एक महत्त्वाचं. खरबूज, काकडी किंवा दुधी चवीला कडू लागला तर लगेच थुंकून टाका आणि फळ फेकून द्या. त्या कडूपणात विषारी द्रव्य असतं आणि त्याने रक्ताच्या उलट्या होण्यापर्यंत मजल जाऊ शकते. इथे "फुकट जाईल" म्हणून खाणं नको.

कापताना आणि वाढताना

- आधी हात धुवा. मग अख्खं फळ वाहत्या पाण्याखाली धुवा. खरबुजाची जाळी स्वच्छ ब्रशने घासा आणि फडक्याने कोरडी करा.
- मांस-मासे कापलेली सुरी आणि पाट वापरू नका.
- लागेल तेवढंच कापा. फोडी झाकून तासाभरात फ्रिजमध्ये ठेवा आणि एक-दोन दिवसांत संपवा. लिस्टेरिया फ्रिजमध्येही हळूहळू वाढतो, म्हणून फ्रिज म्हणजे कायमचं संरक्षण नव्हे.
- गाडीवरच्या कापून ठेवलेल्या, पाणी शिंपडलेल्या किंवा बर्फावरच्या फोडी टाळा. बर्फ कोणत्या पाण्याचा आहे, हे आपल्याला कळत नाही. गाडीवर खायचंच असेल तर अख्खं फळ विकत घ्या आणि घरी कापा.
- चवीला मीठ, मिरपूड, लिंबू जरूर घ्या, पण त्याने बिघडलेली फोड सुरक्षित होत नाही. रक्तदाब असेल तर मीठ नको.

कुणी किती?

मधुमेह असेल तर फळ बंद करण्याची गरज नाही. १०० ग्रॅम कलिंगडात साधारण साडेसात ग्रॅम आणि खरबुजात आठ ग्रॅम कर्बोदकं असतात. साधारण १५० ग्रॅमची एक वाटी, दोन जेवणांच्या मध्ये, रस न काढता, साखर न घालता बहुतेकांना चालते. खाल्ल्यावर दोन तासांनी एकदा साखर तपासा, म्हणजे तुमच्यापुरतं उत्तर मिळेल.

मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र जपून. कलिंगडात ९० टक्क्यांहून जास्त पाणी आहे. डायलिसिसवरच्या माणसाने अर्धा किलो गर खाल्ला तर त्याने सुमारे ४५० मिलिलिटर पाणी प्यायल्यासारखंच आहे. खरबुजात पोटॅशियमही कलिंगडापेक्षा जास्त असतं. आपल्या डॉक्टरांना विचारून प्रमाण ठरवा.

गरोदर बायका, लहान मुलं, वयस्कर माणसं आणि केमोथेरपी घेणारे यांनी फळ घरी ताजं कापलेलंच खावं. सर्दी थंड फळाने होत नाही, विषाणूने होते.

खरबूज खाल्ल्यानंतर सतत उलट्या होत असतील, जुलाबात रक्त असेल, ताप असेल, लघवी कमी झाली असेल किंवा मूल मलूल पडलं असेल, तर "थंड बाधलं" म्हणून ओवा-सुंठेवर थांबू नका. जलसंजीवनी सुरू करा आणि डॉक्टरांकडे या. येताना काय खाल्लं यापेक्षा ते कधी कापलं होतं, हे आठवून या. ते आम्हाला जास्त उपयोगी पडतं.